सोडियम ११८: मनाच्या गोळीचं अंगातल्या पाण्याशी काय नातं?

मीठभाकर | १२ मे, रात्री १०:२०

आत्या काल घरी आली. गेले नऊ दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून जे डोक्यात साठलंय ते इथे उतरवतो. घरी आता या विषयावर कुणाला एक अक्षर ऐकायचं नाही.

आत्या ७३ वर्षांची, साताऱ्याजवळ राहते. फेब्रुवारीत मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले. तेव्हापासून तिची झोप उडाली आणि जेवण सुटलं. दिवसभर चहा-खारी, फार तर दुपारी चार घास दहीभात. एप्रिलच्या मध्यावर डॉक्टरांनी मन सावरायला एस्सिटालोप्रामची, म्हणजे मेंदूत सेरोटोनिन वाढवणारी, छोटी गोळी सुरू केली. बीपीची गोळी आधीपासून होतीच. तिच्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही मिसळलेलं होतं, पण तेव्हा ते कुणी वाचलं नाही.

बाराव्या-तेराव्या दिवशी मळमळ, डोकं जड. ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे सगळ्यांचं निदान एकच: ऊन लागलं. "पाणी पी आत्या, पाणी पी." तीही बिचारी तांब्यामागून तांब्या रिचवत होती. दोन दिवसांनी रात्री मला विचारते, "भाऊ रानातनं आला का रं?" भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. सकाळी मोरीपाशी तोल जाऊन पडली.

सीटी स्कॅन स्वच्छ होता. रक्तात सोडियम ११८. असायला हवं १३५ ते १४५.

आमच्या चुलत्यांनी लगेच निकाल दिला, "अळणी खाऊन खाऊन अंगातलं मीठ संपलं." ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीठ संपलं असं नाही काका, पाणी साठलंय." दोन्ही गोळ्या बंद झाल्या, पाणी दिवसाला ८०० मिलीवर आलं आणि ३ टक्क्यांचं सलाईन मोजून-मापून सुरू झालं. आम्ही म्हणतोय लवकर करा, आणि त्या म्हणताहेत मुद्दाम सावकाश करतोय. २४ तासांनी १२५.

माझा प्रश्न. बीपीच्या गोळीचं समजतं, ती लघवीवरच चालते. पण मन सावरायला दिलेल्या सेरोटोनिनच्या गोळीला आत्याच्या अंगातल्या पाण्याशी काय देणंघेणं? नेटवर 'दुष्परिणाम' या यादीत एक ओळ सापडते. असं का होतं ते कुणी सांगत नाही.

कोथिंबीरवडी | १२ मे, रात्री १०:४१

बाप रे. आत्यांना आराम पडो. मी ३८, हीच गोळी पाच महिने घेतेय. आता वाचून हातपाय गार पडलेत. बंद करू का?

स्टेथोवाला | १२ मे, रात्री ११:०५

नाही, नाही, नाही. धागा वाचून गोळी बंद करायची नाही. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपेचे हाल होतात ते वेगळेच. सोडियम घसरायचं असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-चार आठवड्यांत घसरतं, तुम्ही तो टप्पा कधीच ओलांडलाय. धोका कुणाला जास्त? ६५ च्या पुढे वय, त्यातही स्त्री, अंगकाठी बारीक, सोबत थायझाइड, म्हणजे बीपीच्या गोळीतलं ते लघवी वाढवणारं औषध. मीठभाकर यांच्या आत्या सगळ्या खणांत टिकमार्क. अशा रुग्णाला ही गोळी सुरू केली की दोन आठवड्यांनी सोडियम तपासावं, एवढाच धडा. तपासणी फार महागही नाही.

सावकाशीचं म्हणाल तर डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं. पेशी पातळ रक्ताला सरावलेल्या असतात. सोडियम झपकन वर नेलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं वेष्टण उसवतं आणि ते नुकसान कायमचं राहू शकतं. २४ तासांत ८ च्या आसपास, ही आमची लक्ष्मणरेषा.

पिंजरा_क्र_७ | १३ मे, पहाटे ५:५०

सहा वर्षं उंदरांना मीठपाणी पाजण्यात घालवली आहेत, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबता येत नाही. आधीच माफी.

पहिलं म्हणजे सेरोटोनिन हे 'मनाचं रसायन' ही ओळख बरीच नंतरची. ते सापडलं ते रक्तात. १९४८ साली क्लीव्हलंडमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज हे तिघं रक्तदाबाचं मूळ शोधत होते. रक्त गोठलं की उरणाऱ्या सीरममध्ये रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी असतं, ते त्यांनी वेगळं काढलं. सीरममधलं, ताण देणारं, म्हणून सेरोटोनिन. मेंदूत ते असतं हे १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग यांनी दाखवलं. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आजही आतड्यातच असतं, पण ते मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो.

कुठे बनवतो? मेंदूच्या देठात, अगदी मधल्या रेषेवर पेशींचे काही पुंजके आहेत. त्यांना राफे म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. १९६४ मध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से या दोन स्वीडिश संशोधकांनी हे पुंजके नकाशावर आणले. त्यांच्या पद्धतीत सेरोटोनिनच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या चमकत. या शिवणीतून निघालेले धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर जातात. झोप, भूक, मूड, वेदना, आणि तुमच्या प्रश्नातलं पाणीसुद्धा.

आता पाण्याचा हिशेब. शरीर दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतं, आणि सगळा घोळ इथेच आहे. एक, रक्त किती दाट. दोन, रक्त किती. दाटपणा मोजणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाच्या, पुढच्या टोकाला, अशा जागी आहेत जिथे मेंदूची रक्तापासूनची तटबंदी मुद्दाम सैल ठेवलेली असते. एक-दोन टक्के फरक पडला तरी त्या ओरडतात. रक्त किती हे मोजणारे संवेदक हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, मोठ्या शिरांत आणि मानेतल्या धमन्यांत असतात. भिंत किती ताणली गेली ते पाहतात आणि व्हेगससारख्या चेतांतून देठाकडे कळवतात. हे जरा आळशी. रक्त आठ-दहा टक्के घटेपर्यंत पाणी धरून ठेवण्याचा मोठा आदेश सुटत नाही.

या बातम्या देठातल्या ज्या चौकीवर पोचतात तिथे सेरोटोनिन ड्यूटीवर असतं. लॅटरल पॅराब्रेकियल न्यूक्लियस हे तिचं जडजंबाळ नाव. ब्राझीलचे मेनानी आणि आयोवाचे जॉन्सन यांनी नव्वदच्या दशकात एक सुंदर प्रयोग केला. उंदराला औषधं देऊन अंगातलं मीठ कमी करायचं आणि पिंजऱ्यात दोन बाटल्या लावायच्या, एक साध्या पाण्याची, एक खारट पाण्याची. खारट म्हणजे रक्ताच्या दुप्पट खारट, धडधाकट उंदीर एरवी तोंड वाकडं करतो. मीठ कमी झालेला उंदीर ते पितो, पण बेताने. आता त्याच चौकीत मेथीसर्जाइडचा सूक्ष्म थेंब सोडायचा, म्हणजे तिथल्या सेरोटोनिनचं तोंड बंद. उंदीर कित्येक पट खारं पाणी पितो. उलट सेरोटोनिनसारखं वागणारं औषध तिथे सोडलं तर बाटलीकडे पाठ फिरवतो.

पंगतीत वाढपी आग्रह करत येतो आणि आपण ताटावर आडवा हात धरतो ना, तो आडवा हात म्हणजे हे सेरोटोनिन. तहान, मिठाची ओढ हा आग्रह दुसरीकडून येतो, मुख्यतः अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांकडून. सेरोटोनिन म्हणतं, पुरे. गंमत म्हणजे पोट भरलेल्या, मीठ-पाणी व्यवस्थित असलेल्या उंदरात हा हात बाजूला केला तरी तो मीठ पीत सुटत नाही. वाढपीच आला नसेल तर हात काढून काय उपयोग!

हा आडवा हात फक्त तोंडापुरता नाही. रक्त वाढलं की हृदयाचे वरचे कप्पे एएनपी नावाचं संप्रेरक सोडतात, जे किडनीला मीठ बाहेर टाकायला लावतं. हृदय ही नुसती पिचकारी नसून ग्रंथीही आहे, हे १९८१ मध्ये कॅनडात द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचून दाखवलं. पुढे १९९४ मध्ये ब्राझीलच्याच अंतुनेस-रॉड्रिग्ज यांच्या गटाने दाखवलं की राफेतल्या सेरोटोनिनच्या पेशी निकामी केल्या तर रक्त वाढवूनही एएनपी हवं तसं चढत नाही. मेंदूच्या देठातली शिवण उसवली की छातीतल्या हृदयाला निरोप नीट पोचत नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये चहा सांडला होता.

अर्धवटराव | १३ मे, सकाळी ९:१५

पिंजरा, मस्त. पण मला यात उघड विसंगती दिसते. तुमच्या मते सेरोटोनिन 'पुरे' म्हणतं, मीठ-पाणी बाहेर काढायला मदत करतं. मग सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीने आत्यांच्या अंगात पाणी *साठलं* कसं? रिकामं व्हायला हवं होतं.

आणि दुसरं, एवढं पाणी साठलं तर पाय का सुजले नाहीत? की सुजले होते, @मीठभाकर?

मीठभाकर | १३ मे, सकाळी ९:३०

अजिबात नाही. डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबून दोनदा पाहिलं. खळगा पडला नाही.

पिंजरा_क्र_७ | १३ मे, दुपारी १:४०

अर्धवटराव नाव बदला, प्रश्न पूर्णवटरावांचा आहे.

सेरोटोनिन एक असलं तरी ते झेलणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) डझनभर प्रकारचे आहेत आणि प्रत्येक चौकीवर वेगळा शिपाई. देठातल्या चौकीत ते मिठावर आडवा हात धरतं. पण तेच हायपोथॅलॅमसमधल्या दोन पुंजक्यांपाशी पोचलं की तिथल्या पेशींना चाळवतं, आणि त्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन आणि एडीएच, म्हणजे व्हॅसोप्रेसिन, रक्तात सोडतात. एडीएच किडनीच्या शेवटच्या नळ्यांत पाण्याची दारं उघडतं आणि लघवीतलं पाणी परत रक्तात ओढलं जातं. ऑक्सिटोसिन आपण बाळंतपणाशी जोडतो, उंदरात ते मीठही बाहेर काढतं.

निसर्गात हे सगळं प्रसंग पाहून चालतं. कुठल्या चौकीवर, किती वेळ, हे हृदय-रक्तवाहिन्यांच्या बातमीवरून ठरतं. गोळीला पत्ता कळत नाही. ती सेरोटोनिन परत शोषलं जाण्याची वाट अडवते, आणि ती सगळीकडेच अडवते. मनाशी संबंध असलेल्या जागी हवा तो परिणाम मिळतो, आणि एखाद्याच्या बाबतीत एडीएचचा नळही गळका होतो. रक्त पातळ झालेलं असतानाही एडीएच सुटत राहतं. श्वार्ट्झ, बार्टर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये अस्थानी एडीएचचं हे चित्र प्रथम मांडलं, ते मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांवरून.

आता पाय. नुसतं पाणी साठलं तर ते एका जागी थांबत नाही, पेशींच्या आतबाहेर पसरतं. शरीरात साधारण ४२ लिटर पाणी धरा, त्यात दोन-तीन लिटरची भर. रक्ताच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. पण तेवढ्यानेही हृदयाचे कप्पे ताणले जातात, एएनपी सुटतं आणि किडनी मीठ बाहेर टाकू लागते. म्हणजे पाणी धरून ठेवायचं काम एक खातं करतंय आणि आकारमान खाली आणायचं काम दुसरं. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर. आकारमान जवळजवळ ताळ्यावर येतं, म्हणून सूज नाही, पण रक्त आणखी पातळ होतं. त्यामुळे तुमचे चुलते अगदीच चूक नव्हते हो. मीठही थोडं गेलंच, आणि थायझाइडने त्याला वेगळा हात दिला.

स्टेथोवाला | १३ मे, दुपारी २:१०

यात चहा-खारीचा मुद्दा राहिला. तो फार महत्त्वाचा आहे आणि नातेवाइकांना कधीच पटत नाही.

@मीठभाकर, लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात किती माल विरघळलाय ते, रिपोर्टवर असेल, किती होती?

मीठभाकर | १३ मे, दुपारी २:२५

४२०. लघवीतलं सोडियम ६०.

स्टेथोवाला | १३ मे, दुपारी ३:००

छान, आता अंकगणित करू. किडनी नुसतं पाणी टाकू शकत नाही, सोबत काहीतरी विरघळलेलं लागतं: मीठ, किंवा प्रथिनांतून येणारा युरिया. धड जेवणाऱ्या माणसाकडे दिवसाला ६०० ते ९०० एकक (मिलीऑस्मोल) असा माल असतो. एडीएच बंद असेल तर किडनी लघवी लिटरमागे ५० एककांपर्यंत पातळ करू शकते, म्हणजे दिवसाला दहा-बारा लिटरसुद्धा सहज निघेल.

आत्या चहा-खारीवर. समजा माल ३०० एकक. आणि एडीएचच्या गळतीमुळे लघवी लिटरमागे ४२० वर अडकलेली. ३०० भागिले ४२०, म्हणजे जेमतेम ७०० मिली. दिवसाला एवढंच पाणी बाहेर पडणार, आणि वरून तांब्यामागून तांब्या. बाकीचं जाईल कुठे? घामाने थोडं गेलं असेल, पण हिशेब लागतच नाही.

म्हणूनच अशा रुग्णाला आम्ही पाणी कमी करतो आणि वरण, अंडं, पनीर खाऊ घाला म्हणतो. युरिया पाण्याला सोबत घेऊन बाहेर पडतो. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला धडधाकट माणसासाठी ठीक. रोज पहाटे उठून दोन लिटर उषःपान करणाऱ्यांनो, तुमचा एडीएच शाबूत आहे म्हणून तुमचं निभावतंय. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावताना किंवा एक्स्टसीसारख्या नशेत सेरोटोनिन आणि एडीएच दोन्ही उसळलेले असताना लिटरच्या लिटर पाणी पिऊन माणसं दगावली आहेत.

विहीरमुक्काम | १३ मे, संध्याकाळी ७:२०

अवांतर, पण अगदी अवांतर नाही. लहानपणापासून बघतोय: विहिरीत उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत लघवीला होतं. घाबरू नका, आम्ही बाहेर येऊन करायचो. बहुतेक वेळा. याचा या सगळ्याशी संबंध आहे का? गार पाण्यामुळे म्हणतात.

पिंजरा_क्र_७ | १३ मे, रात्री ८:०५

गारव्याचा वाटा आहेच, पण पाणी कोमट असलं तरी होतं. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की बाहेरच्या दाबाने पायातलं, पोटातलं रक्त वर ढकललं जातं, जवळपास ७०० मिली छातीत येतं. हृदयाच्या कप्प्यांना वाटतं, अरे रक्त वाढलं! एएनपी चढतं, एडीएच उतरतं, आणि तुम्ही काठाकडे. रक्त थेंबभरही वाढलेलं नसतं, फक्त जागा बदललेली. गाउअर आणि हेन्री यांनी १९५६ मध्ये कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात फुगा फुगवून हेच दाखवलं होतं: फुगा फुगला की लघवी वाढली. अंतराळवीरांचे चेहरे पहिले काही दिवस सुजल्यासारखे दिसतात आणि त्यांना तहान कमी लागते, तिथेही मूळ तेच.

मीठभाकर | १४ मे, रात्री ९:५०

दोघांचेही आभार. ७०० मिलीचा हिशेब चुलत्यांना वाचून दाखवला. "मग आधीच सांगायचं," म्हणाले.

एक राहिलं. दवाखान्यात तिसऱ्या दिवसापासून आत्याने एकच धोशा लावला होता: लोणच्याचा खार आणा. बरणी नको, फोड नको, नुसता खार. शरीर मीठ मागत होतं का? पिंजरा म्हणतात तो वाढपी?

पिंजरा_क्र_७ | १४ मे, रात्री १०:३०

मला फार आवडलं असतं हो म्हणायला. पण मीठ मागणारा वाढपी येतो तो रक्त *कमी* पडल्यावर. आत्याचं आकारमान जवळपास भरलेलं होतं, तेव्हा मेंदू मिठासाठी हाका मारेल असं वाटत नाही. आणि माणसात मिठाची ओढ उंदराइतकी तीव्र नसतेच, आपण एरवीच गरजेच्या कितीतरी पट मीठ खातो.

मात्र ती मुळीच नाही असंही नाही. १९४० मध्ये विल्किन्स आणि रिक्टर यांनी बाल्टिमोरमधल्या साडेतीन वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. तो बिस्किटांवरचं मीठ चाटायचा, मिठाची बरणी मागायचा, 'मीठ' हा त्याने शिकलेल्या पहिल्या काही शब्दांपैकी. दवाखान्यात ठेवून त्याला चारचौघांसारखा आहार दिला आणि आठवड्याभरात तो गेला. शवविच्छेदनात कळलं की त्याच्या अधिवृक्क ग्रंथी मीठ राखणारं संप्रेरक बनवूच शकत नव्हत्या. इतके दिवस तो स्वतःच्या हाताने स्वतःला जगवत होता. वर्गात ही गोष्ट सांगितली की शेवटच्या बाकावरचे मोबाइलही खाली जातात.

आत्याच्या बाबतीत माझा अंदाज साधा आहे: दवाखान्याची अळणी पेज.

कोथिंबीरवडी | १४ मे, रात्री १०:४४

खार मागितला म्हणजे आत्या बऱ्या होत होत्या. आमच्याकडे हीच तपासणी.

स्टेथोवाला, आता त्यांच्या मनाचं काय? दुःख तर तिथेच आहे ना.

स्टेथोवाला | १४ मे, रात्री ११:२०

योग्य प्रश्न. थायझाइड तिला पुन्हा नको, बीपीला इतर औषधं आहेत. मनासाठी मिर्टाझापीनसारखा पर्याय असतो, त्यात सोडियमचा त्रास तुलनेने कमी, शिवाय भूक आणि झोप सुधारते. आत्यांना दोन्ही हवंय. पण ठरवायचं त्यांच्या डॉक्टरांनी, आणि सोडियमवर लक्ष ठेवूनच.

मीठभाकर | १९ मे, संध्याकाळी ६:१५

अपडेट: आजचा रिपोर्ट १३४. नवी गोळी रात्रीची, तीच जी स्टेथोवाला म्हणाले. काल सलग सहा तास झोपली. पाणी अजून आठवडाभर मोजून, दिवसाला १२०० मिली. आत्याने तांब्याला बाहेरून खडूची रेघ मारून ठेवलीय, इथपर्यंत दोनदा, बास. काल दुपारी तिच्या नातवाने ती पुसून दोन बोटं वर मारली. लगेच पकडला गेला. "मेल्या, परत आयसीयूत घालतोस का मला," म्हणून त्याच्या मागे अंगणभर फिरली.